सेंट ज्यूडचा रेडिओ

रुग्णालयात रेडिओ केंद्र चालवायला फार काही लागत नाही. एक बारकी खोली, दोन टर्नटेबल, मिक्सर, मायक्रोफोन आणि वॉर्डांपर्यंत ओढलेल्या तारा. शिवाय यातलं नेमकं काय, कुठे बिघडलंय ते हुडकून काढणारा एखादा चिवट माणूस. बीबीसी स्कॉटलंडच्या ‘टेकिन ओव्हर द असायलम’ या 1994 सालच्या मालिकेत हा चिवट माणूस म्हणजे फर्गस. शिकलेला इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर, केसपेपरवर स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रमांचा गंभीर मनोविकार. वॉर्डाच्या लेखी तो पळून जाणारा पेशंट. रेडिओच्या खोलीत मात्र त्याच्यावाचून काम अडतं.

मालिका सहा भागांची. लेखिका डोना फ्रान्सेशील्ड, दिग्दर्शक डेव्हिड ब्लेअर. प्रत्येक भागाला एका गाण्याचं नाव, पहिल्याचं ‘हे ज्यूड’. 1995 मध्ये तिला बाफ्टा हा ब्रिटनमधला मानाचा पुरस्कार मिळाला. आज तिची आठवण निघते ती बहुधा डेव्हिड टेनंटमुळे. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेचा नायक होण्याच्या अकरा वर्षं आधी, तेविशीतला टेनंट इथे कॅम्पबेल बेन या एकोणीस वर्षांच्या पोराचं काम करतो. टेनंटसाठी म्हणून मालिका लावणाऱ्यांना हवं ते मिळतंच. पण लिहिण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. मनोरुग्णालयातल्या मैत्रीवर बेतलेल्या बऱ्याच मालिका हळूच सुचवतात की सोबत मिळाली, हसू परतलं आणि माणूस बरा झाला. इथे मैत्रीनं कुणीही बरं होत नाही. आजार आपल्या गतीनं चालतो, मैत्री तिच्या गतीनं, आणि दोन्ही एकाच खोलीत राहतात. हा प्रामाणिकपणा टीव्हीवर दुर्मीळ आहे.

एडी मॅकेना (केन स्टॉट) ग्लासगोत दारोदार फिरून दुहेरी काचेच्या खिडक्या विकतो. खप यथातथा, दारू जरा जास्त, घरी लिथुआनियन आजी. त्याला व्हायचं आहे रेडिओचा निवेदक. सेंट ज्यूड नावाच्या मनोरुग्णालयातलं बंद पडलेलं रेडिओ केंद्र चालवायला तो स्वयंसेवक म्हणून जातो. सेंट ज्यूड म्हणजे सगळे उपाय खुंटलेल्यांचा कैवारी संत. मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या छोट्या जाहिरातींत ‘थँक यू सेंट ज्यूड’ वाचलेल्यांना हे नाव निवडण्यातला खवचटपणा सांगायला नको. रुग्णालय काल्पनिक असलं तरी चित्रीकरणाची जागा खरी होती. ग्लासगोच्या पूर्वेचं गार्टलोख 1896 मध्ये गरिबांसाठी उघडलं आणि 1996 मध्ये बंद झालं. मालिका दाखवली गेली तेव्हा त्याची शेवटची दोन वर्षं उरली होती. आता त्या आवारात राहती घरं आहेत.

या तारखांना अर्थ आहे. 1990 च्या ब्रिटिश कायद्यानं मनोरुग्णांची सेवा रुग्णालयातून समाजाकडे नेण्याच्या धोरणाला जोर दिला. शंभर वर्षांच्या दगडी इमारती रिकाम्या होऊ लागल्या. वीस-वीस वर्षं एकाच वॉर्डात काढलेल्या माणसांना भाड्याच्या खोल्या मिळाल्या, गोळ्यांचा डबा मिळाला, महिन्याकाठी भेटणारी नर्स मिळाली. शेजारच्या खाटेवरचा माणूस कुठे गेला, याची नोंद कुणी ठेवली नाही. जुनी रुग्णालयं वाईटच होती, त्यांच्यासाठी गळा काढायचं कारण नाही. पण ती मोडताना खाटा मोजल्या गेल्या, खर्च मोजला गेला आणि त्या खाटांमधली नाती कुठल्याच रकान्यात बसली नाहीत.

वॉर्डातली मैत्री कशी होते, हे मालिकेला नीट ठाऊक आहे. ती गप्पांतून कमी आणि वेळापत्रकातून जास्त होते. सकाळी गोळ्यांची ट्रॉली, नाश्ता, डॉक्टरांचा राउंड, जेवण, पुन्हा ट्रॉली. मधले तास रिकामे. औषधांनी तोंड कोरडं पडतं, हात थरथरतात, वाचायला घेतलं तर अक्षरं पुसट दिसतात. त्यामुळे पुस्तक नाही, विणकाम नाही. उरतो टीव्ही, नाहीतर सिगारेट. त्या काळच्या ब्रिटिश वॉर्डात धूम्रपानाची खोली हाच चावडीचा ओटा होता. आगपेटी मागणं ही ओळख, अर्धी सिगारेट देणं ही मैत्री. पुढे ही खोली गेली, आणि आरोग्याच्या दृष्टीनं ते बरंच झालं. पण तिच्या जागी बसायला दुसरं काही फारसं कुणी दिलं नाही.

इथे एक औषधशास्त्रातली गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिचा फटका वॉर्डात बसतो. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचं, इतर औषधं हरल्यावर द्यायचं औषध. तंबाखूच्या धुरामुळे यकृतातलं एक एन्झाइम वाढतं आणि क्लोझापिन लवकर मोडून टाकतं. म्हणून ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो. तोच माणूस भरती झाल्यावर एकदम सिगारेट बंद झाली, की आठवडाभरात तोच डोस रक्तात पन्नास टक्क्यांनी किंवा त्याहूनही जास्त चढू शकतो. गुंगी, लाळ, बद्धकोष्ठता, कधी फीट. दोष निकोटिनचा नसतो, धुराचा असतो. त्यामुळे निकोटिनची पट्टी लावून हे टळत नाही, डोसच कमी करावा लागतो आणि रक्तातली पातळी पाहावी लागते. घरी गेल्यावर पुन्हा सिगारेट सुरू झाली की उलटा प्रकार: पातळी घसरते आणि नसलेले आवाज पुन्हा ऐकू येऊ लागतात. डिस्चार्जच्या कागदावर ‘ओढतो का’ हा रकाना म्हणूनच महत्त्वाचा.

सिगारेटच्या खोलीपेक्षा रेडिओची खोली एका बाबतीत सरस. तिथे काम असतं. मालिकेतली मैत्री कुणाला कुणाची दया आल्यामुळे होत नाही; सात वाजता कार्यक्रम सुरू व्हायला हवा आणि तार तुटली आहे, म्हणून होते. फर्गस दुरुस्ती करतो. कॅम्पबेल बोलतो. रोझलीला सगळं पुसून लख्ख ठेवल्याशिवाय चैन पडत नाही. फ्रान्सीन स्वतःला जखमा करून घेते. माणसं आणि त्यांची दुखणी ती सगळ्यांत लवकर ओळखते. एडी त्यांचा डॉक्टर नाही, नर्स नाही, आणि शहाणा तर मुळीच नाही. खिडक्या विकणाऱ्या माणसाला रोज नकार ऐकायची सवय असते. बहुधा त्यामुळेच त्याला यांच्या नकारांची भीती वाटत नाही.

कॅम्पबेलकडे जरा थांबून पाहायला हवं. त्याला तेव्हाच्या भाषेत मॅनिक डिप्रेशन, आताच्या भाषेत बायपोलर: मन कधी फार चढतं (तो मॅनिया), कधी फार उतरतं असा आजार. मॅनियात माणूस भराभर बोलतो, एका विषयावरून दुसऱ्यावर उडी मारतो, कोट्या करतो, झोप दोन-तीन तासांवर येते आणि तरी दमत नाही. नर्सच्या वहीत याची नोंद ‘बोलण्याचा वेग वाढलेला’ अशी होते. रेडिओवर हाच माणूस हुशार निवेदक ठरतो. मालिकेचं खरं धाडस असं, की गुण कुठे संपला आणि लक्षण कुठे सुरू झालं हे ती ठरवून टाकत नाही. टेनंट ही सीमा चेहऱ्यावर ठेवतो. एका वाक्यात तो मजेशीर वाटतो, पुढच्या वाक्यात डोळे जरा जास्तच चमकतात, आणि आपण हसता हसता अस्वस्थ होतो.

पण व्यवहारात अशा मुलाला रेडिओवर बसवायचं असेल तर पहिला प्रश्न वेळेचा. बायपोलरमध्ये झोप कमी होणं हे मॅनियाचं लक्षण आहे आणि कारणही. दोन रात्री नीट झोप झाली नाही तर मॅनिया सुरू होऊ शकतो. म्हणून कार्यक्रम संध्याकाळी लवकर, रोज त्याच वेळी, आणि त्यानंतर किमान दोन तास शांत जावेत असा. मालिका याचा फारसा विचार करत नाही. रात्री उशिराचा रेडिओ पडद्यावर देखणा दिसतो, हे खरंच. दुसरा प्रश्न लिथियमचा, म्हणजे बायपोलरमध्ये मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधाचा. रक्ताचा नमुना शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी घ्यायचा. पातळी साधारण 0.6 ते 1.0 मिलिमोल प्रति लिटर हवी. दीडच्या वर गेली की हातांची थरथर मोठी, उघड दिसणारी होते, जुलाब लागतात, चाल डळमळते. बंद, तापलेल्या खोलीत तासन्‌तास घाम गाळत बसणं, पाणी कमी पिणं, डोकं दुखलं म्हणून मित्रानं दिलेली आयबुप्रोफेन घेणं, यातलं काहीही ही पातळी चढवतं. शेवटची गोष्ट मित्रांना माहीत असणं जास्त गरजेचं, कारण गोळी तेच देतात.

वॉर्डातले मित्र गोळीच काय, सगळंच देतात-घेतात. चढत्या मनःस्थितीतला माणूस घड्याळ देऊन टाकतो, चांगला कोट देऊन टाकतो, पाकीट रिकामं करतो. घेणाऱ्याला वाटतं, दिलदार आहे. दोन आठवड्यांनी तोच माणूस अंथरुणात तोंड खुपसून पडलेला असतो आणि कोट मागायचीही त्याला लाज वाटते. उसनवारीवर बंदी घालणारे वॉर्डाचे नियम जाचक वाटतात, पण ते अशा अनुभवांतून आलेले असतात. त्याहून बरा मार्ग असा, की देणाऱ्याची वस्तू सिस्टरांकडे नाव घालून ठेवायची आणि दोन आठवड्यांनी पुन्हा विचारायचं.

याहून अवघड प्रश्न गुपिताचा. शेजारची बाई जिभेखाली गोळी धरते आणि नंतर थुंकते, हे नर्सच्या आधी खाटेवरच्या शेजारणीला कळतं. कुणी जेवण टाळतंय, कुणी चिठ्ठ्या लिहून फाडतंय, कुणी अचानक फार शांत झालंय, हेही. सांगावं तर चहाडी, न सांगावं तर धोका. वॉर्डात मुरलेल्या माणसांकडून एक साधी शिस्त शिकायला मिळते: आधीच ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. जिवाला धोका दिसला तर सांगायचं, आणि आपण सांगितलंय हे त्या मित्राला तोंडावर सांगायचं. राग येतो. बहुतेकदा काही दिवसांनी ओसरतो. पाठीमागून सांगितल्याचं कळलं तर मात्र ओसरत नाही.

मालिकेत फर्गस जीव देतो. ज्यांनी ती अजून पाहिलेली नाही त्यांची माफी, पण हे न सांगता तिच्याबद्दल बोलताच येत नाही. ज्याच्या हातांनी केंद्र उभं राहिलं तोच जातो, आणि रेडिओ त्याला वाचवू शकत नाही. मित्र होते, काम होतं, गरज होती, हसणं होतं; तरीही. एखाद्या गोड मालिकेनं इथे फर्गसला शेवटच्या क्षणी परत आणलं असतं. फ्रान्सेशील्ड तसं करत नाहीत, आणि त्याच्या जाण्याचं खापर मित्रांच्या डोक्यावरही फोडत नाहीत.

असं घडल्यावर वॉर्डात काय करायचं असतं ते साधं आहे, आणि तरी बऱ्याचदा चुकतं. बातमी त्याच दिवशी, सगळ्यांना, छोट्या गटांत, ओळखीच्या नर्सनं सांगायची. कसं घडलं याचे तपशील द्यायचे नाहीत, पण खोटंही बोलायचं नाही. ‘दुसऱ्या रुग्णालयात हलवलं’ ही थाप संध्याकाळपर्यंत टिकत नाही. ज्यांची त्याच्याशी जवळीक होती त्यांच्यावर पुढचे काही आठवडे लक्ष वाढवायचं, कारण एका मृत्यूनंतर दुसऱ्याचा धोका खरोखरच वाढतो. अंत्यविधीला जायची इच्छा असेल तर सोबत देऊन जाऊ द्यायचं. आणि खाट लगेच दुसऱ्याला द्यायची नाही. सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच. भरतीची रांग बाहेर उभी असते, दुपारपर्यंत चादर बदलते, आणि आपण गेलो तर आपलीही चादर अशीच बदलेल हे उरलेल्यांना न बोलता कळतं.

सगळंच काही मालिकेला साधलेलं नाही. एडी आणि फ्रान्सीन यांच्यात जे उमलतं ते हळुवार लिहिलंय, अभिनयही उत्तम, पण ते नातं मला पटत नाही. स्वयंसेवक रात्री घरी जातो, पेशंट जाऊ शकत नाही. या एका फरकानं तराजू कायमचा कललेला असतो. आज स्कॉटलंडमध्ये अशा कामाला जाणाऱ्याची 2011 पासून सुरू झालेल्या योजनेखाली पार्श्वभूमी तपासली जाते, आणि स्वयंसेवकांना पहिल्याच दिवशी मर्यादा सांगितल्या जातात: वैयक्तिक फोन नंबर नाही, पैसे नाहीत, एकट्यानं बाहेर भेटणं नाही. एडीनं त्यातली एकही पाळली नसती. आणि कर्मचारी मालिकेत जरा जास्तच ठोकळेबाज आहेत. खऱ्या वॉर्डात रेडिओसाठी जागा मिळवून देणारी एखादी सिस्टर नक्की असते, आणि तिला त्यासाठी तीन अर्ज करावे लागलेले असतात.

रेडिओची कल्पना मात्र हवेतली नव्हती. ब्रिटनमध्ये रुग्णालयातला रेडिओ 1920 च्या दशकापासूनचा; खाटेशेजारी हेडफोन, फर्माइशी, स्वयंसेवक निवेदक. बहुतेक केंद्रं सर्वसाधारण रुग्णालयांत, आजाऱ्यांसाठी बाहेरच्यांनी चालवलेली. पेशंटनीच चालवलेलं केंद्र म्हणजे अर्जेंटिनातलं ‘ला कोलिफाता’. ब्युनॉस आयर्सच्या बोर्दा मनोरुग्णालयात अल्फ्रेदो ओलिव्हेरा या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यानं 1991 मध्ये ते सुरू केलं. सुरुवातीला स्वतःचं प्रसारणही नव्हतं. आवारात कॅसेटवर बोलणं टिपायचं, त्यातले छोटे तुकडे कापायचे, आणि दुसऱ्या रेडिओंच्या कार्यक्रमांत लावायचे. श्रोते प्रतिक्रिया पाठवत, त्या पुढच्या शनिवारी आवारात ऐकवल्या जात. भिंतीच्या आतून बाहेर आणि बाहेरून आत. हा दुसरा प्रवासच महत्त्वाचा. नुसतं बोलायला मिळालं आणि उत्तर आलं नाही, तर ती भिंतीशीच बडबड.

असं केंद्र कुठे सुरू करायचं तर अडचणी वेगळ्याच निघतात. मनोरुग्णांच्या वॉर्डात खाटेशी हेडफोनची वायर ठेवता येत नाही, ती जिवावर बेतू शकते. म्हणून बसायच्या खोलीत, हात पोचणार नाही अशा उंचीवर स्पीकर. त्याचा आवाज कमी-जास्त करायचं आणि बंद करायचं बटण मात्र ऐकणाऱ्यांच्या हातात हवं. ज्याला आधीच नको ते आवाज ऐकू येतात त्याच्यावर छतातून येणारा, न थांबवता येणारा आवाज लादणं हा छळ आहे. फर्माइशीत पूर्ण नाव घ्यायचं नाही, वॉर्डाचं नावही नाही. आवाज भिंतीबाहेर जाणार असेल तर लेखी संमती, आणि ती मनःस्थिती स्थिर असताना पुन्हा विचारून पक्की केलेली. चढत्या मनःस्थितीत दिलेल्या मुलाखतीचं ध्वनिमुद्रण लगेच लावायचं नाही. दोन आठवडे ठेवायचं, मग त्याच माणसाला ऐकवायचं आणि विचारायचं. कधी तो म्हणतो, लावा. कधी लाजेनं मान खाली जाते. गाणी निवडताना दुःखी गाणी टाळायची असा बालिश नियम नको. उदास माणसाला उसन्या उत्साहाचं गाणं जास्त बोचतं. आणि दोन माणसांना तरी सगळी यंत्रं चालवता यायला हवीत. एकटा फर्गस नको. तो आजारी पडला की केंद्र बंद, आणि आपल्यामुळे बंद पडलं हा बोजा त्याच्यावर.

मित्र हा उपचार नाही, पण पेशंट राहिलेल्या माणसाचा अनुभव उपयोगी पडतो, हे स्कॉटलंडनं पुढे मान्य केलं. 2004 मध्ये स्थापन झालेल्या स्कॉटिश रिकव्हरी नेटवर्कनं अशा माणसांना पगारी सहकारी म्हणून नेमण्यासाठी बरंच काम केलं. पगार हा इथला कळीचा शब्द. फुकटात दुसऱ्याचं दुःख ऐकणारा पेशंट लवकर थकतो, त्याला रजा मागायची सोय नसते. आपल्याकडे पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्रानं नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यांत ‘आत्मीयता’ हा उपक्रम राबवला, नंतर तो गुजरातेत मेहसाण्याला नेला. गावातलीच माणसं, काही ‘मित्र’, जे त्रासलेल्याला ओळखून पुढे पाठवतात, आणि काही जास्त प्रशिक्षण घेतलेली, जी त्याच्याशी चार-सहा वेळा बसून बोलतात. ही मैत्री अर्थातच ठरवून केलेली, वॉर्डातल्यासारखी आपसूक नव्हे. पण कोणी काय करायचं आणि कुठे थांबायचं हे तिला पक्कं माहीत असतं, आणि एडीकडे नेमकं तेच नव्हतं.

डिस्चार्जनंतर ही नाती का तुटतात, याची कारणं फार नाट्यमय नसतात. फोन नंबर घेतलेले नसतात, कारण वॉर्डात फोन जमा असतो. घरचे म्हणतात, आता त्या लोकांशी संबंध नको. दोघांपैकी एक पुन्हा आजारी पडतो आणि दुसरा घाबरून लांब राहतो. टिकतात ती नाती पुन्हा एखाद्या कामाला बांधलेली असतात: बुधवारी दोघं मिळून रक्त तपासायला जातात, किंवा क्लोझापिनच्या पहिल्या अठरा आठवड्यांच्या साप्ताहिक तपासणीत रांगेत शेजारी बसतात आणि नंतर चहा घेतात.

आपल्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात यासाठी एक दार उघडं आहे, जे फारसं कुणी वापरत नाही. कलम 14 प्रमाणे कोणाही सज्ञान व्यक्तीला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो: भरतीच्या वेळी, उपचार ठरवताना, डिस्चार्जचं नियोजन करताना आपल्या बाजूनं उभं राहणारा माणूस. तो नातेवाईकच हवा असं नाही. मित्र चालतो. स्टँप पेपर लागत नाही. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा, आणि त्या मित्राची लेखी संमती. मन बदललं तर केव्हाही रद्द करता येतं. अट इतकीच, की तो अठरा पूर्ण आणि जबाबदारी पेलण्याच्या स्थितीत असावा. कागद आजार शांत असताना करायचा, एक प्रत केसपेपरला लावायला द्यायची, एक मित्राकडे ठेवायची, आणि आपल्याला कुठली औषधं चालू आहेत, कुठली पूर्वी सोसली नव्हती, कोणाला फोन करायचा आणि कोणाला मुळीच करायचा नाही, हे त्याच कागदाच्या मागे लिहून द्यायचं. कॅम्पबेलनं एडीचं नाव घातलं असतं. वॉर्ड इनचार्जनं कपाळाला हात लावला असता, पण कायद्यानं नाही म्हणता आलं नसतं.